आलं होतं, मीच घालवलं

चित्र आलं होतं. टीव्हीच्या पडद्यावर मुंग्या होत्या, माणसाचे नाकडोळे नीट दिसत नव्हते, पण आलं होतं. आता हात लावू नका, असं खालून मला दोनदा ओरडून सांगितलंही. मी हात लावला.

धंद्यात माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या. चांगल्या चालत्या रेडिओतून धूर काढला, अँटेना चढवताना लोकांची कौलं फोडली, एकदा तर एका वकिलांच्या नव्याकोऱ्या टीव्हीवर शिडीसकट पडलो. त्या सगळ्या चुका मी तिथल्या तिथं कबूल केल्या, कारण लपवायला जागाच नव्हती. ही एक मात्र लपवता आली. ती मी मुंबईच्या नावावर खपवली, आणि जिचं नुकसान झालं त्या बाईला वर एक खोटं आश्वासन देऊन ठेवलं. साताऱ्याकडे पहिल्यांदा टीव्ही आला तेव्हाच्या गमती लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सुचवलं आहे. गमती सांगतो. पण ही गोष्ट गाळून नुसत्या गमती सांगायला मन घेत नाही.

मी मूळचा सांगलीचा. रेडिओदुरुस्ती तिथंच आप्पांच्या हाताखाली शिकलो. आप्पा जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण व्हायलाच हवं, म्हणून गिऱ्हाइकांची गर्दी व्हायच्या वेळेलाच आमचं दुकान बंद असायचं आणि बाहेर उभे राहिलेले लोक माझ्यावर डाफरायचे. आप्पांनी मला डाग द्यायला, म्हणजे कथील वितळवून तारा जोडायला शिकवलं, व्हॉल्व्ह ओळखायला शिकवलं, आणि एक गोष्ट ते रोज सांगायचे. एखादा सेट बोलायला लागला की स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवायचा. आणखी चांगला बोलेल म्हणून परत उघडायचा नाही. हे मी त्यांच्यासमोर तंतोतंत पाळायचो. त्यांच्या पाठीमागे मला कधी जमलं नाही. थोडी खरखर राहिली तरी माझ्या बोटांना चैन पडत नसे.

मग पुण्याजवळ सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुण्यात मुंबईचा टीव्ही दिसू लागला. सांगलीपर्यंत काही पोचेना. साताऱ्यात मात्र उंच नळावर अँटेना चढवला की चित्र सापडायचं. म्हणून मी साताऱ्यात दुकान थाटलं. दोन शब्दांत सांगायचं तर हा धंदा असा: रेडिओचा आवाज डोंगर ओलांडून येतो, टीव्हीचं चित्र दिव्याच्या उजेडासारखं सरळ येतं. मध्ये डोंगर आला की संपलं. त्यामुळे घराच्या डोक्यावर जितकं उंच जाता येईल तितकं जायचं, ॲल्युमिनियमच्या काड्यांचा तो सांगाडा सिंहगडाच्या दिशेला धरायचा, आणि बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत बसायचं. वरच्याला पडदा दिसत नाही. म्हणून एक माणूस खाली टीव्हीसमोर, एक दारात, आणि मी वर. मी विचारायचं, आलं का? दारातल्यानं तेच आत विचारायचं. आतल्यानं काहीतरी सांगायचं. दारातल्यानं ते स्वतःच्या मनानं सुधारून मला सांगायचं. माझं निम्मं आयुष्य या तिघांच्या ओरड्यात गेलं.

त्यात लोकांना हवं असायचं ते चित्र नव्हेच. त्यांना हवा असायचा पहिला नंबर. गल्लीत पहिला, गावात पहिला, तालुक्यात पहिला. या 'पहिल्या'पायी मला जो ताप झाला तो दुसऱ्या कशानं झाला नाही.

पलूसच्या एका बागायतदारानं थेट मुंबईहून टीव्ही आणला. त्या काळात पलूसमध्ये चित्र दिसणं शक्यच नव्हतं. मी त्यांना अंतर सांगितलं, मधले डोंगर सांगितले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "तुमच्याच्यानं हुईत न्हाई, आसं सरळ सांगा की." खंडेनवमीला त्यांनी ट्रॅक्टरशेजारी टीव्हीची पूजा केली, त्याला झेंडूची माळ घातली आणि पाहुण्यांसमोर बटण दाबलं. पडदाभर मुंग्या. पाहुणे आदरानं बघत राहिले. यजमान म्हणाले, "ही नुसती सुरुवात हाय."

कोयनानगरच्या वसाहतीतले एक साहेब त्यांच्याहून वरचढ. चारी बाजूंना डोंगर, आणि हे म्हणे मला तांत्रिक अडचणी सांगू नका, मी धरणावर काम केलंय. एकदा भूकंपाचा बारीकसा धक्का बसला तेव्हा पडद्यावर काहीतरी हललेलं त्यांनी पाहिलं होतं. मी बोजा आवरून निघालो, तर मला म्हणाले, थांबा, पुढचा धक्का बसेपर्यंत बघू. घाटातून परत येताना मी एसटीत बसून त्यांच्या सात पिढ्यांशी मनातल्या मनात भांडलो.

खुद्द साताऱ्यात वेगळंच. अजिंक्यताऱ्यावर आपटून चित्र परत यायचं आणि पडद्यावर प्रत्येक माणसाला एक सावली पडायची. एका आजोबांनी मला मुद्दाम बोलावून विचारलं होतं, बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागं ती दुसरी बाई उभी असते ती कोण, आणि तिला कधीच का बोलू देत नाहीत?

हे सगळं मी आज हसत लिहितोय. तेव्हा हसत नव्हतो. तेव्हा मला वाटायचं की जगात अक्कल फक्त माझ्याकडे आहे आणि ती गच्चीवर चढून वाया चालली आहे.

अशा दिवसांत सुभेदार दुकानात आले. म्हसवडच्या रस्त्याला माळावर त्यांचं गाव. फौजेतून निवृत्त होताना त्यांनी कँटीनमधून टीव्ही घेतला होता. गाव उंचावर होतं, समोर मोकळा माळ होता, म्हणून मी हो म्हटलं. थंडीचे दिवस होते. त्यांच्या धाब्याच्या घरावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, मी तीन नळ एकात एक बसवून अँटेना उभा केला, चहूकडून तारांनी ताणून बांधला, आणि संध्याकाळी चित्र आलं. मी सुभेदारांना स्पष्ट सांगितलं की इतक्या लांब हे रोज येणार नाही. हवा पडली तर येईल, वारा सुटला तर जाईल. ते म्हणाले, "नो प्रॉब्लेम. ट्राय करेंगे." पण त्यांना नुसता टीव्ही बघायचा नव्हता. त्यांचा पुतण्या हणमंत पैलवान होता. मुंबईच्या स्टुडिओत गादी टाकून काही निवडक मल्लांच्या कुस्त्या घेणार होते आणि त्याच वेळी त्या टीव्हीवर दाखवणार होते. त्यात हणमंताचं नाव लागलं होतं. तालुक्यातला पहिला मल्ल पडद्यावर येणार होता. त्याची गादीवरची, पायात बूट घालून केलेली पहिली कुस्ती होणार होती. आणि ती गावातल्या पहिल्या टीव्हीवर दिसणार होती. सुभेदार हे तिन्ही पहिले नंबर मला दर भेटीत ऐकवायचे. मी मान डोलवायचो आणि मनात वैतागायचो.

माझा वैताग थांबला तो हणमंताच्या आईमुळे. सोनाबाई. सुभेदारांची थोरली भावजय, शेजारीच वेगळी राहणारी. नवरा गेलेला, तोही पैलवान होता. अँटेनाच्या तारा ताणत होतो तेव्हा त्या चहा घेऊन धाब्यावर आल्या आणि मला विचारलं, "यात माणूस आख्खा दिसतोय का, का नुसतं तोंड?"

मी म्हटलं, अख्खा दिसतो.

"मग बरं. कुस्तीत तोंड बघून काय कळणार?"

आमच्याकडे बायका कुस्तीच्या मैदानात जात नाहीत. कुणी बंदी घातलेली नाही, पण जात नाहीत. या बाईनं आधी नवऱ्याला आणि मग पोराला बदाम वाटून घातले, दूध घातलं, लाल मातीनं भरलेले लंगोट धुतले, उतरलेला खांदा शेकला. पण कुस्ती म्हणून उभ्या आयुष्यात पाहिलेली नव्हती. जत्रेच्या दिवशी त्या घरात बसायच्या. मैदानातून ओरडा ऐकू यायचा. तो कुणाच्या जिंकण्याचा हे त्यांना कळायचं नाही. मग हलगी वाजायला लागायची. ती आपल्या आळीकडे वळली तर आपला जिंकला, आणि पलीकडे गेली तर पाणी तापवायला ठेवायचं. हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, जसं कुणी पीकपाणी सांगावं. शेवटी म्हणाल्या, "येकदा बघायचं हाय, भाऊ. तो कसा उभा ऱ्हातो, कसा हात टाकतो. त्याचा बा कसा उभा ऱ्हायचा, ते बी मला म्हाईत न्हाई."

मी म्हटलं, मावशी, तुम्हाला दाखवतो. हवा पडली तर, वारा सुटला तर, यातलं काहीही मी त्यांना सांगितलं नाही.

कुस्तीच्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं गावात पोचलो. दुपारभर वारा होता. दिवस कलला तसा तो पडला. अंगणात माणसं दाटली. टीव्ही सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, दाराकडे तोंड करून मांडलेला. सुभेदारांनी सोनाबाईंसाठी पुढं खुर्ची ठेवली होती. गावातल्या पुरुषांच्या पुढे बसायला त्या तयार होईनात. शेवटी मागं अंगणातल्या एका खांबाला टेकून बसल्या. दुरूनही पडदा त्यांना सरळ दिसत होता. मी धाब्यावर. दारात खुद्द सुभेदार.

त्यांचं सगळं फौजी. मी 'आलं का?' विचारायचं नाही. तेच वर बघून म्हणायचे, "पोझिशन बोला."

कार्यक्रम सुरू झाला. आधी आवाज आला, मग मुंग्या पातळ झाल्या आणि खाली एकदम कालवा उठला. हणमंत दिसला होता. कुणी म्हणालं, पायातलं बूट बघा. कुणी म्हणालं, गादीवर पाय घसरतोय गड्या त्याचा. मला वर उभं राहून हे सगळं ऐकू येत होतं, दिसत काही नव्हतं. सुभेदार ओरडले, "आलंय. जैसे थे! हात लावू नका!"

मी हात काढला. खरंच काढला होता.

तेवढ्यात खालून कुणीतरी म्हणालं, "तोंड वळखू येत न्हाई वं नीट." त्याला गप करणारेही दहा जण होते. सुभेदारांनी दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं, जसं आहे तसं राहू द्या. पण मला ऐकू आलं ते पहिलंच वाक्य. तोंड ओळखू येत नाही. मी लावलेल्या अँटेनावर तोंड ओळखू येत नाही. तोंडाचं काही काम नाही, हे त्या मावशींनीच मला सांगितलं होतं. पण त्या क्षणी मला ना मावशी आठवल्या ना आप्पा. मला बोटभर उजवीकडे घ्यायचं होतं, बास.

मी नळाला हात घातला. नुसता वरचा नळ फिरवायचा तर आधी सांध्याचा बोल्ट ढिला करावा लागतो. घाईत मी तो जास्त ढिला केला. वरचा नळ सांध्यातून फिरला, काड्यांचं ते वजन एका बाजूला झुकलं आणि अँटेना सिंहगडाकडे पाठ आणि विजापूरकडे तोंड करून उभा राहिला.

खालचा कालवा एकदम थांबला. मग टीव्हीतून नुसता आवाज येऊ लागला. चित्र गेलं तरी आवाज कधी कधी तगून राहतो, तसा तो राहिला होता. शिट्टी वाजली. स्टुडिओतली माणसं ओरडली. मी वर नळाशी झटापट करत होतो, बोल्ट बसत नव्हता. अँटेना परत वळवला तेव्हा ती जागा सापडेना. मी डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, खालून कुणी काही सांगत नव्हतं. पुन्हा एक ओरडा आला, मोठा. निवेदकानं हणमंताचं नाव घेतलं. तो जिंकला होता.

अंगणात गुलाल उधळला, हलगी वाजली. मी खाली उतरलो तेव्हा लोक नाचत होते आणि खांबाला टेकून बसलेल्या सोनाबाई पडद्यावरच्या मुंग्यांकडे बघत होत्या. मी समोर आलो तसं त्यांनी विचारलं, "कसा जितला?"

मला काय ठाऊक?

"चित्तर का गेलं?" हे सुभेदारांनी विचारलं.

खरं उत्तर तोंडापर्यंत आलेलं होतं. मी हलवला, म्हणून गेलं. तेवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "वरनं गेलं. मुंबईतच बिघाड झाला." आणि सगळ्यांचा त्यावर विश्वास बसला. टीव्हीतलं त्या गावात फक्त मलाच कळत होतं ना! सुभेदारांनी मुंबईवाल्यांना फौजी शिव्या दिल्या. आणि मावशींनी विचारलं, "मग परत दावतील का?"

मी म्हणालो, "दाखवतील की."

उभं आयुष्य ओरडाच ऐकत आलेल्या बाईला त्या दिवशीही मी ओरडाच ऐकवला, आणि वर परत दाखवतील म्हणून सांगून आलो.

पुढं एकदा टीव्हीतलं काहीतरी जळलं म्हणून सुभेदारांनी बोलावलं. बोलता बोलता म्हणाले, वयनी दर आठवड्याला त्याच वारी संध्याकाळी येऊन खांबापाशी बसतात. कुस्ती परत दाखवणार आहेत असं तुम्हीच सांगितलंय ना. मी खाली मान घालून डाग देत होतो. "दाखवतील," मी पुन्हा म्हणालो. त्यानंतर त्यांचं काम निघालं की मी टाळायला लागलो. माल नाही, ताप आलाय, कोयनेला जायचंय. ज्या कोयनानगरच्या साहेबांना मी इतका कंटाळलो होतो, त्यांच्याकडे खरोखर दोनदा जाऊन आलो, पण म्हसवडच्या एसटीत बसलो नाही. हणमंताचा गुडघा निकामी झाल्याचं कानावर आलं. तो कुस्ती सोडून फौजेत गेला, असंही कळलं. म्हणजे मावशींना आता मातीतली नाही की गादीवरची नाही, कुठलीच कुस्ती दिसणार नव्हती. हे कळल्यावर तरी मी जायला हवं होतं. तेव्हाही गेलो नाही.

गेलो तो पुढं बऱ्याच वर्षांनी. सुभेदारांनी निरोप धाडला होता की धाबं पाडून स्लॅब टाकतोय, तुमचा अँटेना उतरवून द्या. निरोपात 'तुमचा अँटेना' असा शब्द होता, तो मला झोंबला. मी गेलो. वर चढलो, तारा सोडल्या, नळ आडवा केला. सांध्याचा बोल्ट तसाच होता, गंजलेला, घाईत वाकडा बसवलेला. तो हातात घेऊन मी खाली आलो. सोनाबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं आणि पहिलंच विचारलं, "भाऊ, मुंबईवालं लय ढिलं दिसत्यात. आजून न्हाई दावली."

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. बोल्ट दाखवला. मुंबईत काही बिघडलं नव्हतं. चित्र आलं होतं, ते मी हलवलं म्हणून गेलं. परत दाखवणार नव्हतेच, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग म्हणाल्या, "तवाच सांगितलं आसतंत तर म्या तुमाला दोन शिव्या दिल्या असत्या आन् घरला गेले असते. इतकी वर्सं त्या खांबाला टेकून बसले न्हवं."

मी म्हणालो, मावशी, माझं चुकलं.

"मला येकलीला काय सांगता हितं कुजबुजून?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तवा सगळ्या गावाम्होरं सांगितलं व्हतं, मुंबईतच बिघाड झाला म्हून. जावा वर. जितनं हलवलं तितनं सांगा."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलतायत. पण त्या सूप बाजूला ठेवून उभ्या राहिल्या होत्या आणि शिडीकडे बघत होत्या.

मी चढलो. उद्या पाडायच्या त्या धाब्यावर, नळ उकरून काढलेल्या खड्ड्याशेजारी उभा राहिलो. सुभेदार दारात आले होते, आवाज ऐकून शेजारपाजारची चार माणसंही जमली होती. सोनाबाई खांबाला न टेकता, अंगणाच्या मधोमध उभ्या होत्या. मी ओरडलो, की त्या दिवशी चित्र मुंबईतून गेलं नव्हतं, आलेलं चित्र मी घालवलं आणि वर खोटं बोललो.

सुभेदारांना आता कमी ऐकू येत होतं. कानामागे हात धरून ते म्हणाले, "पोझिशन बोला! काही कळत न्हाई!"

मी खाली मावशींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "परत सांगा."

मग मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि माळापलीकडे ऐकू जाईल असं ओरडलो, "चित्र आलं होतं, मीच घालवलं! मावशी, माझं चुकलं!"